तालुक्याच्या दुकानातली चांगली व्हिस्की कोणती, आणि 'प्रमाणात' म्हणजे नेमकी किती?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: गाव यवतमाळ जिल्ह्यात, दुकान तालुक्याला, शनिवारी तिघं मित्र बसता. व्हिस्की कोणती घ्यावी, आणि सगळे 'प्रमाणात घ्या' म्हणतात ते प्रमाण किती?

आधी प्रमाणाचं सांगतो, ब्रँडचं त्याच्यामागून येईल.

कपाशीवर फवारताना १५ लिटरच्या पंपाला औषध मोजून टाकणारा माणूस व्हिस्की मात्र अंदाजानं ओततो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक देशी बनावटीच्या व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या लहान पेगमध्ये त्या हिशेबानं १२.८ मिली शुद्ध अल्कोहोल येतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यानं त्याचं वजन भरतं साधारण १० ग्रॅम. एक लहान पेग म्हणजे १० ग्रॅम, एवढं पाठ करून ठेवा. १८० मिलीच्या पव्व्यात असे सहा पेग, म्हणजे ६० ग्रॅम. आणि 'मी फक्त बिअरच घेतो' म्हणणाऱ्याची ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली? तिच्यात ४१ ग्रॅम, चार लहान पेग.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. संध्याकाळी आठला सुरू केलेला पव्वा एकट्यानं संपवला तर उतरायला पहाटेचे तीन-चार वाजतात, कुणाला त्याहून उशीर.

अडचण पव्व्याच्या मापातच आहे. उघडला की संपवायचा ही रीत. अर्धा झाकण लावून घरी न्यावा तर घरचे काय म्हणतील, म्हणून उरलेलाही तिथेच जिरवला जातो. तुम्ही तिघं आहात, त्यामुळे हिशेब सोपा आहे: तिघांत एकच पव्वा, प्रत्येकाच्या वाट्याला ६० मिली, दोन लहान पेग. दुसरा पव्वा 'राहू दे जवळ' म्हणून आणू नका, तो राहत नसतो. एकट्याला घ्यायची असेल तर ९० ची निप विचारा. खंबा, म्हणजे पूर्ण मोठी बाटली, आणणं प्रति मिली स्वस्त पडतं खरं, पण घरात बाटली असूनही ज्याला आठ दिवस तिची आठवण येत नाही, त्यानंच आणावा.

स्टीलच्या ग्लासात पातळी दिसत नाही, काचेचा घ्या. बाटलीचं झाकण हे माप नाही, प्रत्येकाचं वेगळं भरतं. खोकल्याच्या औषधासोबत येणारी खुणांची प्लास्टिकची वाटी उत्तम. १५ मिलीच्या खुणेपर्यंत दोनदा भरली की एक पेग. कीटकनाशकाच्या डब्यासोबतचं माप कितीही धुतलेलं असो, त्याला हात लावू नका. अर्ध्या ग्लासात वरून भर घालू देऊ नका, पाहुणचारात मोजणी बिघडते ती इथेच. ग्लास रिकामा होऊ द्यायचा, मग पुढचा. प्रत्येक पेगमागे एक फुटाणा बाजूला काढून ठेवला तरी गिनती राहते.

मर्यादा किती? जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की पूर्ण सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही. तेव्हा 'थोडी घेतली तर हृदयाला चांगली' हे विसरा. प्रमाणात घेणं म्हणजे नुकसान कमी ठेवणं, इतकंच. ब्रिटनची शिफारस आठवड्याला ११२ ग्रॅमच्या आत आणि तीन किंवा त्याहून अधिक दिवसांत विभागून, म्हणजे आपले अकरा लहान पेग. मला तेही जास्त वाटतात. दिवसाला दोन लहान पेग, आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस, आणि मागच्या शनिवारचे राहिलेले या शनिवारी जोडायचे नाहीत. बाईमाणसाच्या अंगात पाण्याचा अंश कमी असल्यानं तेवढ्याच दारूचा असर जास्त होतो. गरोदरपणी एक थेंबही नको.

घेण्याची पद्धतही सांगतो. आधी जेवा किंवा निदान अर्धं जेवण पोटात जाऊ द्या: भाकर, वरण, उसळ, अंडी. पोट भरलेलं असलं की दारू आतड्यात हळू उतरते आणि एकदम चढत नाही. नुसता शेव-चिवडा चालत नाही, मिठानं तहान लागते आणि ती तहान ग्लासातूनच भागवली जाते. ३० मिलीत ६० ते ९० मिली साधं पाणी, एक पेग पाऊण तास चालला पाहिजे, आणि दोन पेगांच्या मध्ये एक तांब्या नुसतं पाणी. दारूनं लघवी जास्त होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दिवसभर उन्हात राबलेल्या अंगाला हे झेपत नाही, त्या दिवसांत टाळलेलीच बरी. कोल्ड्रिंक घालू नका, साखरेखाली दारूची चव लपते आणि ग्लास दहा मिनिटांत संपतो.

आता ब्रँड. माझी कसोटी एकच: खोलीच्या तापमानाला, बर्फाशिवाय, बरोबरीनं पाणी घालून वास घ्या. पाणी घातल्यावर नुसता स्पिरिटचा झणका उरला तर ती व्हिस्की कोल्ड्रिंकच्याच लायकीची. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कींत बरंचसं स्पिरिट उसाच्या मळीचं असतं. युरोपच्या कायद्यात तिला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्यच लागतं. म्हणून रोजच्या किमतीत मी रॉयल स्टॅग किंवा ब्लेंडर्स प्राइड सुचवीन, दोन्ही धान्याच्या स्पिरिटमध्ये स्कॉच माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची स्कॉटलंडची व्हिस्की, मिसळून बनतात. रॉयल स्टॅग पाण्यात थोडी गोडसर लागते, ब्लेंडर्स प्राइड जास्त मऊ. थोडे पैसे जास्त असतील तर टीचर्स. तिच्यात पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या धुराचा हलका वास असतो. चुलीवरचं जेवण आवडणाऱ्याला ती पटकन जमते. ज्याला धूर कमी हवा त्यानं ब्लॅक अँड व्हाइट घ्यावी.

वर्षातून एखाद्या वेळची बाटली असेल तर अमृत फ्यूजन. बंगळुरूची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली नुसत्या जवाची व्हिस्की. तिच्यात भारतीय जव आणि स्कॉटलंडचं पीटचा धूर दिलेलं जव एकत्र आहे. उकाड्यात मुरायला लाकडी पिंपात ठेवलेली व्हिस्की झपाट्यानं उडते: स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के, बंगळुरूत १० च्या वर. म्हणून आपली माल्ट चार-पाच वर्षांतच मुरते, लेबलवर १२ वर्षं शोधत बसू नका. फक्त फ्यूजन ५० टक्क्यांची आहे आणि गोव्याच्या पॉल जॉन किंवा हरियाणाच्या इंद्रीच्या नेहमीच्या बाटल्या ४६ च्या. तेवढ्याच ३० मिलीत फ्यूजनचे जवळपास १२ ग्रॅम होतात, पाणी वाढवा आणि पेग कमी करा. बाटली टिनाच्या छपराखाली ठेवू नका. भिंतीतल्या कपाटात, खालच्या खणात, उभी ठेवा. बुचाची बाटली आडवी ठेवली तर बूच सडतं.

कोणत्या दिवशी अजिबात नाही, तेही ऐका. फवारणीच्या दिवशी नाही: विषबाधेची घेरी, उलटी, घाम आणि दारूची घेरी, उलटी, घाम सारखेच दिसतात, आणि दवाखान्यात न्यायचा वेळ 'जास्त झाली असेल' म्हणण्यात जातो. रात्रीची लाइन असेल आणि मोटर चालू करायला विहिरीवर जायचं असेल त्या दिवशी नाही. मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरची गोळी), झोपेच्या गोळ्या, टीबीची औषधं चालू असताना नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उपाशीपोटी घेतली तर शुगर धोकादायक खाली जाते आणि लोकांना वाटतं चढली. मोटरसायकल काढायची असेल तर नाहीच. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही. सोयऱ्याकडे जाताना पिशवीतला पव्वा पुलाच्या अलीकडेच राहू द्या. दुकानात सीलची कडी अखंड आहे का आणि 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' छापलंय का बघा. रिकाम्या बाटलीचं लेबल फाडून टाका, नाहीतर त्याच बाटलीत भलतंच भरून परत विकलं जातं.

मोहाच्या हातभट्टीला वरचा हिशेब लागू पडत नाही, कारण तिची ताकद दर घाण्याला बदलते. कुठल्याही बेकायदा दारूत मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पांढरं-पांढरं दिसू लागलं, तर झोपू देऊ नका, थेट जिल्हा रुग्णालयात न्या.

तिघांपैकी कुणी रोज पव्वा किंवा जास्त घेत असेल आणि हे वाचून उद्यापासून एकदम बंद करतो म्हणाला, तर त्याला थांबवा. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, झटके आणि त्यापुढे भ्रम होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून, गोळ्यांच्या आधारानं बंद करायची असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन मोफत लागतो. तिथे बोलताना 'थोडी घेतो' म्हणू नका, रोजचे मिली सांगा.