विलगीकरण की अलगीकरण?

प्रश्न असा आलाय की साथीच्या काळातल्या आदेशांत कधी 'विलगीकरण' दिसतं कधी 'अलगीकरण', मग दोन्ही एकच का, आणि "परदेशातून आलेल्यांना विलगीकरणात ठेवावे" हे वाक्य बरोबर आहे का.

एकच नाहीत. ज्याला लागण झालीय हे कळलेलं आहे त्याला बाजूला ठेवणं म्हणजे विलगीकरण, आयसोलेशन. आणि जो आजारी नाही, पण बाधिताच्या संपर्कात आला असेल अशी शंका आहे, त्याला काही दिवस वेगळं ठेवणं म्हणजे अलगीकरण, क्वारंटाइन. दोन्हींत 'लग्' हाच धातू, त्यामुळे शब्दावरून फरक चटकन ध्यानात येत नाही, आणि कोविडमध्ये तर बातम्यांत दोन्हींची पार सरमिसळ झाली. पण हा फरक पाळायलाच हवा, कारण इथे प्रश्न नुसत्या भाषेचा नाही, माणसाच्या हक्कांचा आहे.

अलगीकरणातला माणूस त्या घडीला धडधाकट असतो, त्याला फक्त शंकेवरून अडवलेलं असतं, म्हणून तो कधी सुटणार ते आधीच ठरलेलं असायला हवं. ही मुदत रोगाच्या अधिशयन काळावरून, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावरून, काढतात, कोविडला सुरुवातीला १४ दिवस धरले, इबोलाला २१. खुद्द 'क्वारंटाइन' शब्दातच मुदत आहे, तो व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस दिवस'वरून आला (त्याआधी १३७७ मध्ये आजच्या क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिक शहराने ३० दिवस ठरवले होते). विलगीकरण संपतं ते मात्र संसर्ग पसरण्याची भीती संपली की. आता आदेशात सरसकट विलगीकरण लिहिलं तर धडधाकट माणसाची गणना रोग्यात होते आणि त्याची तारीख कुणी विचारतच नाही.

२००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत, आणि अडवून ठेवलेल्या प्रवाशाला अन्नपाणी, राहायची सोय, औषधोपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. माणसाच्या हक्कांवर सरकारने कधी आणि किती निर्बंध घालावेत हे सांगणाऱ्या १९८४ च्या सिराक्यूझा तत्त्वांचं म्हणणं असं की निर्बंध कायद्याने घातलेला हवा, खरंच गरजेचा हवा, त्याहून सौम्य उपाय चालत असेल तर तोच घ्यायचा, आणि भेदभाव नको.

हे सगळं नसलं की काय होतं ते मेरी मॅलनच्या बाबतीत दिसतं. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण, अंगात टायफॉइडचे जंतू पण स्वतः ठणठणीत, म्हणजे आपल्या दोन्ही शब्दांत नीट न बसणारी, 'वाहक'. १९०७ मध्ये तिला धरून एका बेटावर ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाकाचं काम करायचं नाही या अटीवर सोडलं, १९१५ मध्ये ती एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सापडली आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत त्याच बेटावर. तिच्यामुळे लोक आजारी पडले, मेलेही, हे खरंच, तिला स्वयंपाकापासून लांब ठेवणं भागच होतं. पण तिच्यासारखेच दुसरे वाहक शहरात मोकळे असताना एकटीला जन्मभर अडकवणं, याला मी अलगीकरणही म्हणणार नाही आणि विलगीकरणही, ती सरळ कैद झाली.

तर विचारलेलं वाक्य चुकीचं आहे. "परदेशातून आलेल्यांना आल्या दिवसापासून १४ दिवस अलगीकरणात ठेवावे, त्या काळात लागण आढळल्यास विलगीकरणात हलवावे" असं लिहा. दिवसांचा आकडा त्या त्या रोगाप्रमाणे बदलेल, पण तो गाळू नका.