व्याधाला घाई फार

प्रश्न : नेरूळला आमच्या गच्चीवरून मोजून दहा-बारा तारे दिसतात. त्यात व्याध सगळ्यांत झगझगीत. सहावीतला नातू विचारतो, "आजी, तिथे एवढा उजेड, मग आपल्यापेक्षा जास्त जीव असतील ना?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर सांगा. – एक आजी, नेरूळ

उत्तर : आजी, ठाण्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. नातवाला शाबासकी सांगा.

उजेड किती, यापेक्षा तो किती दिवस पुरणार ते बघायचं. पाचपाखाडीत आमच्या सोसायटीच्या महाप्रसादाला आचाऱ्याने १९ किलोचा सिलिंडर लावला होता. भट्टी अशी धडाडली की निम्म्या पुऱ्या तळायच्या राहिल्या आणि गॅस संपला. शेवटी आमच्या घरचा १४.२ किलोचा खाली नेला. तोच घरी आम्हा दोघांना दोन महिने जातो.

व्याध त्या आचाऱ्याच्या जातीचा. वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, पण उधळपट्टी पंचवीसपट. सूर्याचा हायड्रोजन, म्हणजे त्याचं इंधन, सुमारे १००० कोटी वर्षं पुरेल, व्याधाचा त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका काळ. आज त्याचं वय २४ कोटी वर्षांच्या आसपास आहे. पृथ्वीवर जीवांचे खात्रीचे पुरावे मिळतात ते ती १०० कोटी वर्षांची झाल्यानंतरचे, आणि तेही सूक्ष्मजीवांचे. प्राणी यायला पुढे आणखी जवळजवळ ३०० कोटी वर्षं गेली. तोवर व्याधाचं दुकान कधीच बंद झालेलं असेल.

शिवाय त्या घरात एक मरण होऊन गेलंय. व्याधाला जोडीदार आहे, तो १८६२ साली दुर्बिणीतून प्रथम दिसला. वस्तुमान सूर्याएवढं आणि आकार पृथ्वीएवढा, असा श्वेत बटू. मुळात हा थोरला, सूर्याच्या सुमारे पाचपट. म्हणून त्याचं इंधन आधी संपलं. तो फुगला, बाहेरची आवरणं भिरकावली आणि विझत चाललेला गाभा तेवढा उरला. (श्वेत बटू जास्तीत जास्त किती जड असू शकतो, हे गणित खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखरांनी १९३० साली मुंबईहून विलायतेला जाताना बोटीवर मांडायला घेतलं. अभ्यासक्रमात नसताना हे मी दरवर्षी सांगायचो.) असा थोरला शेजारी फुगत असताना तिथल्या एखाद्या ग्रहाचं काय झालं असतं, ते नातवालाच विचारा.

मग बारके तारे बरे? प्रॉक्झिमा हा सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा, ४.२ प्रकाशवर्षांवर. तांबडा बटू, लाखो कोटी वर्षं पुरेल असा चिक्कू. पण तो तापट आहे, मधूनच प्रचंड ज्वाळा फेकतो. त्याची ऊब इतकी कमी की २०१६ मध्ये सापडलेला त्याचा ग्रह ऊब मिळण्याइतक्या जवळून, ११ दिवसांत एक, अशा प्रदक्षिणा घालतो. म्हणजे ज्वाळांच्या अगदी तोंडाशी. तिथे हवा टिकली असेल का, याची मला शंकाच आहे. माझी पैज सूर्याहून थोड्या लहान, नारिंगी ताऱ्यांवर. ते सूर्यापेक्षा जास्त जगतात आणि तांबड्या बटूंइतके चिडत नाहीत.

प्रश्न : सूर्य अजून ५०० कोटी वर्षं आहे म्हणतात. मग पृथ्वीला तोवर चिंता नाही ना? – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : आहे. हायड्रोजनचं हेलियम होताना गाभ्यातल्या कणांची संख्या घटते, गाभा आवळतो, तापतो आणि भट्टी हळूहळू मोठी होते. जन्माच्या वेळी सूर्य आजच्या ७० टक्केच तेजस्वी होता. पुढच्या १०० कोटी वर्षांत तो आणखी १० टक्क्यांनी वाढेल आणि समुद्र आटू लागतील. राहण्याजोगा पट्टा, म्हणजे ताऱ्याभोवतीची पाणी पाणीच राहील इतपत उबेची जागा, बाहेर सरकेल, पृथ्वी मात्र आहे तिथेच. तुम्ही घोडबंदरला राहता, तुम्हाला वेगळं काय सांगू? इमारत ठणठणीत उभी असते, नळाला पाणी नसतं.