शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा घराघरांत कशी शिकवावी?

तुम्ही म्हणता, मंडळीतल्या मुलांना दहा आज्ञा तोंडपाठ आहेत, पण ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ म्हणजे रोज काय करायचं, हे आईबापांनाही सांगता येत नाही. मी जालना जिल्ह्यात संडे स्कूल घेते. माझं ऐकाल तर मुलांना वेगळं बसवू नका. कुटुंब-प्रार्थनेच्या वेळीच आईबाप, आजी, सगळ्यांना घेऊन बसा.

बहुतेक जण चांगल्या शोमरोन्यापासून सुरू करतात, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीपासून. मी बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय उघडते. ही आज्ञा मुळात तिथेच, 18 व्या वचनात आहे, आणि तिच्या आधीची वचनं थेट शेतातली आहेत. कापणीत कडेचं पीक सोडा, शेतात पडलेला सरवा गरिबाला राहू द्या, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नका. सरवा म्हणजे काय ते आपल्याकडे सांगावं लागत नाही. कितीतरी आज्यांनी तो स्वतः वेचलेला असतो, त्यांनाच बोलू द्या. मजुरीचं वचन आलं की मात्र एखाद्याला खोकला येतो. कापूसवेचणीचे पैसे ‘बाजारच्या दिवशी बघू’ म्हणणारा तिथेच बसलेला असतो. मी कुणाचं नाव घेत नाही, वचन पुन्हा वाचायला लावते.

मग बांध. बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक 19:14 मध्ये म्हणतं, शेजाऱ्याची सीमा सरकवू नको. मराठवाड्यात याला उदाहरण शोधायला जावं लागत नाही! दर नांगरटीला वीतभर बांध कोरणाराही ‘चोरी करू नको’ न चुकता म्हणतो, आणि बांधापलीकडे बहुधा त्याचा चुलतभाऊच असतो.

धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत, बहुतेक आज्ञांच्या दोन बाजू दाखवल्या आहेत. ‘खून करू नको’ म्हणजे शेजाऱ्याला इजा करायची नाहीच, शिवाय त्याच्या जिवाला लागेल ती मदतही करायची. मुलांना हेच विचारा: या आज्ञेत काय टाळायचं आणि काय करायचं? ‘खोटी साक्ष’ घेतली की मुली पटकन बोलतात. कुणाच्या लेकीबद्दल ऐकलेलं पुढे न्यायचं नाही, आणि चारचौघांत तिची बाजूही घ्यायची. (खुनाची आज्ञा कॅथलिक पाचवी धरतात, आपण सहावी. त्यावर वेळ घालवू नका, लूथरही पाचवीच धरतो.)

शोमरोनी शेवटी घ्या, पण भल्या माणसाची गोड गोष्ट म्हणून नको. यहुदी आणि शोमरोनी यांचं हाडवैर होतं. ‘जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला?’ असं येशूने विचारल्यावरही समोरचा शास्त्री ‘शोमरोनी’ म्हणत नाही, ‘ज्याने दया केली तो’ म्हणतो. इथे विचारा, आपण जखमी पडलो तर कुठल्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी प्यायला आपल्याला जड जाईल? उत्तर मोठ्याने मागू नका. शोमरोन्याने जखमीच्या देखभालीसाठी सराईवाल्याला दिलेले दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हे मत्तय 20 वरून कळतं. मजुरी करणाऱ्या घराला ती रक्कम बरोबर समजते.

तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर हे सगळं दसऱ्याच्या आत उरका, पुढे निम्मी मंडळी फडावर असते. शेवटच्या बैठकीत मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा. कुणाचं पाणी कोण भरणार, रेशन कोण आणणार, ते तिथेच नावानिशी लिहून घ्या. मुलांचीही नावं घाला.