संग्रहित वेबसाइट्समधल्या लिंकचं जाळं गेफी या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतं का?

हो, पण गेफी वॉर्क फाइल (संग्रहित वेबपानं साठवायची फाइल) थेट उघडत नाही. आधी लिंक वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी अर्काइव्ह्ज अनलीश्ड टूलकिट हे वेब-संग्रह तपासायचं साधन वापरा. कोणत्या डोमेनवरून कुठे किती लिंक जातात ते मोजून ते जीईएक्सएफ (जाळ्याच्या आलेखाची) फाइल देतं. ती गेफीत उघडून फोर्सअ‍ॅटलास २ मांडणी (जोडलेल्या साइट्सचे ठिपके जवळ आणणारी) लावा आणि एकदोनदाच आलेल्या लिंक गाळा, नाहीतर नुसता गुंता दिसतो. जिओसिटीजसारख्या (लोकांची वैयक्तिक पानं एकाच डोमेनवर ठेवणाऱ्या जुन्या साइटच्या) संग्रहात मात्र डोमेननुसार मोजलं की सगळी पानं एकाच ठिपक्यात कोंबली जातात. तिथे यूआरएलमधल्या ‘हार्टलँड’, ‘एरिया ५१’ अशा वस्त्यांनुसार गट पाडा. आणि मोठा ठिपका म्हणजे लोकप्रिय साइट असं धरू नका: क्रॉलरने (पानं आपोआप गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमने) न उचललेल्या पानांवरच्या लिंक आलेखात येतच नाहीत.