मिग-२१ ची चांदी खरखरीत का येते: नांदेडच्या भाऊंच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठा करून पाहिला. मिग-२१ या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल, टामिया या जपानी कंपनीचा चंदेरी एक्सएफ-१६ फ्लॅट अ‍ॅल्युमिनियम, ०.३ मिमी सुईचा साधा एअरब्रश (हवेनं रंग फवारणारं पेन), ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब, मे महिन्यातली दुपार आणि शेजारी कूलर. चांदी पत्र्यासारखी न दिसता गिलाव्यासारखी खरखरीत आली, आणि नाकाचा हिरवा रंग मारायला लावलेली टेप सोडवताना टेपेबरोबर उचलूनही आली. आता महागातला जपानी एअरब्रश घेऊ का, असं विचारताय. घेऊ नका. तुमच्या एअरब्रशची काही चूक नाही. निम्मं काम चांदीची बाटली उघडायच्या आधीच बिघडलं होतं, उरलेलं उन्हानं बिघडवलं.

मेटॅलिक रंगात धातूचे बारीक चपटे पापुद्रे असतात. मिठाईवरचा वर्ख आठवा. गुळगुळीत काजूकतलीवर तो आरशासारखा बसतो, तोच रवाळ लाडवावर लावला तर चुरगळतो आणि करडा दिसतो. वर्ख तोच, खालचा पृष्ठभाग वेगळा. आपले पापुद्रेही आडवे, सपाट पडले तर चमक येते. कसेही वाकडेतिकडे पडले तर सिमेंट. बेचाळीस अंशांच्या दुपारी, ३० पीएसआयच्या दाबानं, वीतभर अंतरावरून उडवलेला अ‍ॅक्रिलिकचा थेंब विमानापर्यंत पोचतानाच अर्धा वाळलेला असतो. तो पसरत नाही, धुळीसारखा वर येऊन बसतो. अशा धुळीला खाली पकड नसते, म्हणून टेपेनं ती अलगद उचलली. तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत.

मी लातुरात पंधरा-सोळा वर्षं हे करतोय. मे महिन्यात माझी रंगायची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात, त्यानंतर फक्त घासकाम. दाब १५ च्या आसपास, अंतर चार बोटं. टामियाच्या अ‍ॅक्रिलिकला एक भाग रंग, दीड ते दोन भाग एक्स-२०ए थिनर आणि वर रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश सुकवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब. कपाच्या कडेला रंग लावून पाहायचा, पातळ ताकासारखा ओघळला आणि मागं पातळसा पडदा ठेवून गेला की झालं. एक्स-२०ए ऐवजी टामियाचाच लॅकर थिनर वापरला तर रंग आणखी बारीक फवारतो आणि घट्ट धरतो, पण त्याचा वास डोक्यात जातो. साधा कापडी मास्क चालणार नाही, ऑरगॅनिक व्हेपरच्या काडतुसांचा मास्क घ्या, खिडकी उघडी ठेवा. आणि देवघरातला दिवा विझेपर्यंत थांबा, थिनरची वाफ पेट घेते. हे गमतीनं लिहीत नाहीये.

ऑटो पेंटच्या दुकानात सुटा मिळणारा एनसी थिनर स्वस्त पडतो म्हणून त्यात रंग पातळ करायचा मोह होईल. मी केला होता. हंटर विमानाच्या मॉडेलच्या पंखावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या, कारण तो प्लास्टिकच खातो. तो फक्त एअरब्रश धुवायला ठेवा. वॅलेहो या दुसऱ्या कंपनीचा रंग असेल तर गोष्ट उलटी: त्याला अल्कोहोल चालत नाही, नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि सुई बसते. त्याचा थिनर त्याचाच घ्यावा, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. आपल्या बोअरचं पाणी मुळीच नको. बादलीच्या काठावर पांढरा थर पाहताच ना, तोच विमानावर येतो. वॉटर पेपरनं घासून झाल्यावर मी बॉडी शेवटी डिस्टिल्डनंच विसळतो, नाहीतर काळ्या ग्लॉसखाली पांढरे ठिपके वर येतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा एअरब्रशसाठी ग्लासभर पाणी घेतलं तरी घरात डोळे वटारले जायचे. तेव्हापासून कपात चमचाभर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालून ब्रशनं फिरवायची सवय लागली ती लागलीच. वॅलेहो मात्र आधी त्याच्याच थिनरनं पूर्ण निपटून काढायचा.

आता कूलर. ही चूक मी इतकी मन लावून केलीय की सविस्तर सांगतो. नॅट या लढाऊ विमानाचं एक मॉडेल होतं, भारतीय हवाई दलाचं चंदेरी. चांदी सुरेख बसली होती. वर लॅकर क्लिअरचा (पारदर्शक थराचा) एक हात द्यायचा म्हणून दुपारी खोलीत बसलो, दार लोटलेलं, कूलर चालू. दहा मिनिटांत विमानावर साय धरली, दुधाळ, निळसर. थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि कूलरनं ओलसर केलेल्या हवेतलं पाणी त्या गार पृष्ठभागावर उतरतं. ते रंगात अडकलं की पांढरट दिसतं. वरून कूलरच्या जाळीतलं वाळ्याचं तूस चिकटलं होतं ते निराळंच. दोन दिवसांनी कोरड्या पहाटे नुसत्या लॅकर थिनरचा रिटार्डर घातलेला अगदी हलका फवारा मारला तेव्हा साय बऱ्यापैकी विरली, तूस मात्र तिथंच आहे. तेव्हा कूलर बंद. पंखाही बंद. घाम कपाळावरून विमानावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधा, मी बांधतो.

चांदीखाली काय होतं हे तुम्ही लिहिलं नाही, पण फोटोत पंखाच्या सांध्याजवळ घासल्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. म्हणजे ६०० च्या पेपरवर थांबलात. साध्या छलावरणाला ते खपतं. चांदी मात्र चुगलखोर असते, प्रत्येक ओरखडा दाखवते. ऑटो पेंटच्या दुकानातच १०००, १५०० आणि २००० नंबरचे पेपर मिळतात, तिन्हींनी ओलं घासा. मग भांड्यांच्या साबणानं धुवा, कारण हाताचं तेल आणि साच्याचं तेल दोन्ही रंगाची पकड घालवतात. त्यानंतर बारीक प्रायमर, मग ग्लॉस काळा. टामियाचा एक्स-१ लॅकर थिनरमध्ये पातळ करून तीन-चार हलके हात, शेवटचा जरा ओला. त्यात ट्यूबलाइटची कड सरळ दिसली पाहिजे. कड फुटकी दिसली तर तिथं पुन्हा घासायचं, चांदी मारून ती सरळ होत नसते. आणि काळा किमान दोन दिवस सुकू द्या. नाक जवळ नेऊन वास घ्या, येत असेल तर अजून सुकलेला नाही.

चहाच्या टपरीवर मिळतात तसे प्लास्टिकचे दहा चमचे आणून ठेवा. विमानावर करायचं ते सगळं आधी चमच्याच्या पाठीवर करायचं: प्रायमर, काळा, चांदी, टेप. चमच्याची पाठ विमानाच्या अंगासारखीच वळलेली असते. माझ्या शर्टाच्या खिशात अजूनही एखादा चंदेरी चमचा निघतो.

चांदीचा हात मारताना ट्रिगर आधी खाली, म्हणजे नुसती हवा, मग मागं ओढून रंग. थांबताना उलट: आधी रंग बंद, मग हवा. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका पुसट की काळा जवळजवळ तसाच दिसेल, दोन मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला पोट भरलं पाहिजे. चौथ्यापासून पापुद्र्यांवर पापुद्रे चढतात आणि चमक मरते. अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर सुकून गोळा होतो, दर मिनिटाला थिनरमध्ये भिजवलेल्या ब्रशनं टोक पुसा. नाही पुसलं तर तोच गोळा सुटून नेमका पंखाच्या मधोमध बसतो. मधेच लाइट गेली तर टाकीतल्या हवेवर चालू फवारा पुरा करा आणि लगेच कप रिकामा करून धुवा, लाइट परत यायची वाट पाहत बसू नका.

एक्सएफ-१६ चा दाणा जरा जाड असतो, त्यानं मातकट अ‍ॅल्युमिनियम छान येतं. जास्त झळाळी हवी तर अ‍ॅलक्लॅड किंवा वॅलेहो मेटल कलर. दोन्ही तयार पातळ येतात, १२ ते १५ पीएसआयवर थेट फवारायचे. पण मिगला इतकी झळाळी हवी का, हाही विचार करा. आपल्याकडे मिग-२१ आलं १९६३ मध्ये, २८ स्क्वॉड्रनमध्ये. तुमचं एफएल (मिग-२१ चाच एक प्रकार) नाशिकजवळ ओझरला बनायचं, आणि सुरुवातीची बरीचशी नुसत्या धातूच्या रूपातच उडत. १९७१ च्या युद्धाच्या वेळी अनेकांवर घाईनं छलावरण चढवलं गेलं. म्हणजे तुम्ही ज्या काळातलं विमान करताय ते उन्हापावसात उभं राहिलेलं, हात लागलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. क्रोमसारखं चकचकीत केलं तर ते जत्रेतलं खेळणं दिसेल. त्यापेक्षा मूळ चांदीत काळ्याचा एखादा थेंब टाकून चार-पाच पॅनेल वेगळी फवारा, शेपटीकडे नॉझलच्या भोवतीचा भाग अजून गडद ठेवा. मग नाकाचा शंकू आणि शेपटाचं टोक हिरवं. ते मुळातच धातूचे भाग नाहीत, आतला अँटेना धातूतून पाहू शकत नाही म्हणून.

त्या हिरव्यासाठी टेप लावायची ती चांदीनंतर पूर्ण दिवस जाऊ देऊन. आधी ती हाताच्या पाठीवर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारा, आणि काढताना वर न ओढता स्वतःवरच दुमडत, सावकाश. खरं तर क्रम उलटा करणं सोपं: आधी हिरवं, त्यावर टेप, मग काळा आणि चांदी. मी हल्ली तसंच करतो.

आता हातातलं विमान टाकून देऊ नका. कॉकपिटची काच झाकून घ्या, आयपीएमध्ये कापूस भिजवून भाग दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग जुन्या मऊ टूथब्रशनं घासा. टामियाचा अ‍ॅक्रिलिक सुटतो, खालचा लॅकर प्रायमर असेल तर तो बहुधा टिकतो. रेघांमध्ये उरलेलं दातकोरणीनं काढा. मृग लागायला अजून दोनेक आठवडे आहेत. एकदा पाऊस सुरू झाला की हवेच्या नळीत पाणी साचतं, मग मॉइश्चर ट्रॅप (नळीतलं पाणी अडवणारी कुपी) दर दहा मिनिटांनी रिकामा करत बसावं लागतं. तेव्हा काळा आणि चांदी या कोरड्या पहाटांतच उरकून घ्या, डिकल्स (विमानावरच्या खुणांची चिकटचित्रं) पावसाळ्यात लावता येतील.