चौघांनी उचलून आणलेला माणूस

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी माझी पत्नी कर्करोगानं गेली. माझं वय एकसष्ट. मुलगी लग्न होऊन लांब आहे, रोज फोन करते. चर्चच्या मंडळीत रमायची ती माझी पत्नी. गायनात ती, आजाऱ्यांना भेटायला जाण्यात ती, लहान मुलांच्या वर्गात ती. मी तिच्यासोबत जायचो आणि मागच्या बाकावर बसायचो. आता रविवारी एकटा जातो आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठून बाहेर पडतो. भेटेल तो म्हणतो, ‘प्रभूची इच्छा’, ‘ती आता चांगल्या ठिकाणी आहे’. ते मला खोटं वाटत नाही, पण त्यानं बरंही वाटत नाही. रात्री प्रार्थनेला बसतो, तर एक शब्द सुचत नाही. विश्वासानं सांत्वन मिळतं असं आयुष्यभर ऐकत आलो. मग मलाच का मिळत नाही? माझा विश्वास कमी पडतोय का? ढोंग नको म्हणून उपासनेला जाणं बंदच करावं, असं मनात येतं.

उत्तर : प्रिय बंधू,

तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. हे आधी सांगते, कारण पत्रातला हाच प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं मला वाटलं. ज्याच्याकडे विश्वासच उरलेला नाही तो रात्री प्रार्थनेला बसत नाही. तुम्ही अजून बसता.

मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर मंडळीच्या वतीनं दुःखात असलेल्या घरी जाऊन बसायचं काम करते. तिथे पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट तुम्हाला सांगते. सांत्वन हे बहुधा एकट्या माणसाच्या मनात अचानक उतरत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या हातून येतं. कुणी येऊन डबा ठेवून जातं, कुणी बँकेच्या कागदांवर कुठे सही करायची ते दाखवतं, कुणी काहीच न बोलता शेजारी बसतं. तुम्ही प्रार्थनेच्या खोलीत सांत्वनाची वाट बघताय, आणि ते ज्या दारानं येऊ शकतं त्या दारातून शेवटच्या गीताला बाहेर पडताय.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. कफर्णहूमातलं ते घर माणसांनी भरलेलं, दारापाशीही जागा नाही. चौघांनी त्याला उचलून आणलं, छपराला भोक पाडलं आणि बाज खाली सोडली. त्या माणसानं तोंडातून शब्द काढल्याचं मार्क लिहीत नाही. त्यानं प्रार्थना केली नाही, विश्वास कबूल केला नाही, चालत आला नाही. आणि येशूनं काय पाहिलं? ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. वाहून आणणाऱ्यांचा! आपला स्वतःचा विश्वास हलतही नाही अशा दिवसांत दुसऱ्यांच्या विश्वासावर पडून राहायला परवानगी आहे, हे मी या अध्यायातून घेतलं आहे आणि त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. सध्या बाजेवर तुम्ही आहात. इतकी वर्षं तुमच्या पत्नीनं कितीतरी जणांची बाज उचलली असेल.

आता लोकांच्या बोलण्याविषयी. ‘प्रभूची इच्छा’ म्हणणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण हे वाक्य ताज्या जखमेवर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बेथानी गावात येशू त्याचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी गेला, तेव्हा थोड्याच वेळात त्याला उठवायचं आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं लाजराच्या बहिणींना, मार्था आणि मरीयेला, ‘रडू नका, सगळं ठीक होणार आहे’ असं म्हटलं नाही. ‘येशू रडला.’ मेलेला पुन्हा उठेल ही पुनरुत्थानाची आशा आणि डोळ्यांतलं पाणी ही दोन्ही एकाच वेळी त्याच्याजवळ होती. मग ती तुमच्याजवळ का असू नयेत? बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. कारणं सांगायला तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देवानं त्यांनाच सुनावलं.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर ते जोडायचा प्रयत्न सोडा. उसने घ्या. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत, याकडे आपण रविवारी फारसं लक्ष देत नाही. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं आहे आणि त्यात ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं काढा. ते शेवटपर्यंत उजेडाकडे वळतच नाही, काळोखापाशी येऊन थांबतं. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलेलं आहे, कुणी काढून टाकलं नाही. एका घरी मी हे स्तोत्र मोठ्यानं वाचलं, तेव्हा कित्येक दिवस न बोललेला माणूस म्हणाला, “असं म्हटलेलं चालतं?” चालतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आली, ‘तू माझा त्याग का केलास’ असं विचारणारी. रात्री एकच स्तोत्र वाचा, आमेन म्हणा आणि झोपा. ही प्रार्थना झाली.

झोपेवरून आठवलं. तुम्ही नीट जेवता का, झोपता का, हे पत्रात नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि मुलीला सांगा. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. नर्स म्हणून आणि विश्वासी म्हणून, दोन्ही नात्यांनी सांगते.

जाणं मात्र बंद करू नका. येशू मरणातून उठून शिष्यांना दिसला, त्या संध्याकाळी त्याचा शिष्य थोमा इतरांबरोबर नव्हता आणि नंतर त्यांच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसला नाही. पण आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा थोमा त्याच घरात, त्याच लोकांत होता. विश्वास बसत नसतानाही तो तिथे राहिला, आणि बाकीच्यांनी त्याला राहू दिलं. याला ढोंग कोण म्हणेल?

येत्या रविवारी शेवटचं गीत झाल्यावर बसून राहा. सगळ्यांना भेटायची गरज नाही. तुमच्या पत्नीबरोबर गाणाऱ्यांपैकी एकीला विचारा, ती सरावाला आली की काय बोलायची, कशावर हसायची. तुमच्याकडे नसलेल्या तिच्या आठवणी त्या लोकांकडे आहेत. पाळकांनाही, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनाही, थेट सांगा, “घरी या, पण वचन समजावू नका, नुसते बसा.” चांगला पाळक याचं वाईट वाटून घेणार नाही. आणि हातांना एखादं काम मागून घ्या, उपासनेनंतर गीतांची पुस्तकं गोळा करण्यासारखं. मागच्या बाकावरच्या माणसाला त्या निमित्तानं प्रत्येक बाकापर्यंत जावं लागतं.

प्रश्न : मी ख्रिस्ती कुटुंबातली नाही. नोकरीसाठी एकटी राहते. एका सहकारी मैत्रिणीनं दिलेलं शुभवर्तमान वाचते आहे आणि येशू लोकांशी ज्या मायेनं वागतो ते मनाला भिडतं. उपासनेला जाऊन बसावंसं वाटतं, पण गेले तर लगेच निर्णय घ्यायला लावतील का, अशी भीती वाटते.

उत्तर : जा, बाळ. पाहुणी म्हणून जा, मागे बस, ऐक. निर्णयाची घाई कुणी करू लागलं तर “मी अजून वाचते आहे” एवढं उत्तर पुरे.

पंडिता रमाबाईंनी पंचविशीच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि पती गमावले होते. 1883 मध्ये त्या आपल्या छोट्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे समाजानं टाकलेल्या स्त्रियांना मायेनं सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या आणि हे तुम्ही का करता, असं विचारलं. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. योहानाचा चौथा अध्याय, तूही आजच वाच. आधी प्रेमाचं काम दिसलं, मग त्याचं मूळ कळलं. बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या, शिकवणुकीवर वाद घालत राहिल्या, आणि ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी झाली असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. इतक्या विदुषीला वेळ लागला, तर तुलाही लागू दे.

पारख कशी करायची तेही सांगते. जिथे प्रश्न विचारलेले चालतात, घरच्यांशी बोलत राहा असं सांगतात, आजारी पडलीस तर विचारपूस होते आणि आली नाहीस तर दोष दिला जात नाही, तिथे निर्धास्त जा. जिथे आईवडिलांपासून तोडतात, पैशाची किंवा लपवाछपवीची मागणी करतात, तिथून निघून ये, मग तिथली गाणी कितीही गोड असोत. पहिल्या वेळी मैत्रिणीला सोबत ने आणि कुठे जाते आहेस ते घरी सांगून जा.