उभ्या नळीत पाण्यावर अधांतरी राहिलेल्या गोळीवरचा ड्रॅग प्रवाहाबरोबर वाढतो का?

तुमचा प्रश्न असा: २० मिमी आतल्या व्यासाच्या उभ्या नळीत खालून पाणी सोडून १० मिमीची काचेची गोळी अधांतरी ठेवायची आहे. सूत्राने काढलेला वेग गाठायच्या आधीच गोळी वर पळते, असं का? आणि प्रवाह वाढवला की ड्रॅग, म्हणजे वाहतं पाणी गोळीला ज्या बलाने ढकलतं ते, किती वाढतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. ड्रॅग वाढतो तो फक्त क्षणभर. गोळीचं वजन खाली ओढतं, प्लावक बल (बुडालेल्या वस्तूला पाणी देतं तो वरचा रेटा) आणि ड्रॅग वर उचलतात. वजन आणि प्लावक बल ठरलेलं, म्हणजे तोल साधायचा तर ड्रॅगही ठरलेलाच. काच पाण्याच्या अडीचपट जड धरली तर तो साधारण ०.००८ न्यूटन येतो. नळ थोडा जास्त उघडला की गोळी वर निघते, पाण्याचा तिच्या सापेक्ष वेग पुन्हा पहिल्याइतका होतो आणि ड्रॅगही पुन्हा तेवढाच. गोळी वर सरकत असली तरीही!

आता सूत्र. ड्रॅग गुणांक (ड्रॅगच्या सूत्रातला, वस्तूच्या आकारावर अवलंबून असणारा आकडा) ०.४ घेऊन तुम्हाला सेकंदाला ०.७ मीटर वेग मिळाला असणार. हिशोब बरोबर आहे, पण तो मोकळ्या पाण्यातला. तुमच्या नळीचा पाव भाग गोळीनेच अडवलाय. सरासरी वेग ०.७ असेल तर गोळीच्या बाजूच्या फटीतून पाणी ०.९३ ने जातं, आणि बल वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ते जवळजवळ १.८ पट होतं. नुसत्या फटीचा हिशोब धरला तरी ०.५३ पुरे. त्यात मध्यभागी पाणी सरासरीपेक्षा जोरात वाहतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागेल.

सरळ नळीत गोळी एका उंचीवर टिकवणं फार कठीण. वर रुंद होत जाणारी नळी घ्या: गोळी वर गेली की फट मोठी होते, वेग उतरतो आणि ती तिथेच थांबते. रोटामीटर, म्हणजे प्रवाह मोजायचं साधन, याच तत्त्वावर चालतो. मी रोटामीटर तपासण्याचं काम करतो. एकदा एकाचं वाचन सारखं जास्त येत होतं. नळीला डोळा लावून पाहिलं तर फ्लोटच्या (गोळीसारख्या आतल्या अधांतरी तुकड्याच्या) बुडाला मुगाएवढा हवेचा बुडबुडा चिकटलेला. तेवढ्यानेच प्लावक बल वाढून फ्लोट वर बसत होता. तेव्हा मोजमाप घेण्याआधी तुमच्या गोळीची खालची बाजू नीट बघा.